पाटाच्या काठाने : दक्षिण टायरॉलमधील द्राक्षमळे, किल्ले आणि पायवाटांची घडण

प्रस्तावना

आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावर, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेला इटलीचा बोल्झानो हा स्वायत्त प्रांत जर्मन भाषेत ‘झ्यूडटिरोल’ म्हणजे दक्षिण टायरॉल आणि इटालियन भाषेत ‘आल्तो आदिजे’ या नावाने ओळखला जातो. क्षेत्रफळाने तो आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून किंचित लहान म्हणजे सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या सुमारे ५.४ लाख आहे. द्राक्षमळ्यांतून, ओढ्यांवरून आणि जुन्या किल्ल्यांच्या पायथ्यावरून जाणाऱ्या पायवाटांसाठी हा प्रदेश युरोपभर प्रसिद्ध आहे. पर्यटनविषयक लेखनात या वाटांचे वर्णन बहुधा ‘निसर्गरम्य’ या एका विशेषणात आटोपले जाते. मात्र यांतील बहुतेक वाटा निसर्ग पाहण्यासाठी निर्माण झालेल्या नाहीत. कोणी पाणी राखण्यासाठी चालत होते, कोणी जकात वसूल करण्यासाठी, तर कोणी डोक्यावर द्राक्षांचे ओझे घेऊन. मूळ प्रयोजन बदलल्यावर किंवा संपल्यावर वाट का टिकते, कोणाच्या बळावर टिकते आणि टिकताना तिच्यावरील नाव कोणाचे असते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भूगोल, इतिहास आणि भाषा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना त्यात काही उपयुक्त सापडेल, अशी अपेक्षा आहे.

प्रदेशाची नैसर्गिक बैठक

येथील मुख्य नदी आदिजे. जर्मन भाषेत ‘एच’. ती पश्चिमेकडील फिन्शगाउ खोऱ्यातून पूर्वेस वाहत मेरानजवळ दक्षिणेकडे वळते आणि बोत्सेन (बोल्झानो) शहराच्या बाजूने पुढे इटलीच्या मैदानाकडे जाते. बोत्सेनच्या परिसरातील तांबूस कडे हे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीजन्य पोर्फिरी खडकाचे आहेत. हिमयुगातील हिमनद्यांनी या खडकावर गाळाचे थर आणि टेकड्या रचल्या. एप्पान व काल्टर्न ही गावे ज्या पठारासारख्या उंचवट्यावर वसलेली आहेत, त्याला ‘यूबरएच’ म्हणजे ‘एच नदीच्या वरचा भाग’ म्हणतात.

नदीच्या वरच्या भागात वस्ती का झाली, याचे कारण साधे आहे. खोऱ्याचा तळ एकोणिसाव्या शतकात नदीचे नियमन होईपर्यंत बराचसा दलदलीचा होता. पूर आणि हिवताप या दोन्हींपासून दूर राहावयाचे तर उतारावर चढणे भाग होते. म्हणून गावे, मळे, किल्ले आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एका विशिष्ट उंचीच्या पट्ट्यात दाटीने आढळतात. आज त्या तळाच्या जमिनीवर सफरचंदाच्या बागा पसरल्या असून मोटाररस्ता व लोहमार्गही तेथूनच जातात. जुनी पायवाट मात्र उतारावरच राहिली.

हवामानाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. ‘आल्प्स’ म्हटले की वर्गातील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ आणि हिरवी कुरणे उभी राहतात. परंतु फिन्शगाउ खोरे हे पर्जन्यछायेच्या प्रदेशाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. दक्षिणेस ओर्टलर आणि उत्तरेस ओट्झटाल या उंच पर्वतरांगा दोन्ही बाजूंचे बाष्प अडवितात आणि खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण-खटावच्या अवर्षणप्रवण तालुक्यांची आठवण व्हावी, असा हा आकडा आहे. खोऱ्याच्या उत्तर बाजूचा दक्षिणाभिमुख उतार ‘झोनेनबेर्ग’ म्हणजे ‘सूर्याचा डोंगर’ म्हणून ओळखला जातो आणि तेथे अक्षरशः गवताळ स्टेपीसारखी वनस्पती दिसते. समोरचा सावलीचा उतार मात्र दाट जंगलाचा आहे. डोंगरमाथ्यावर हिमनद्या आणि पायथ्याशी कोरडी माती, अशा या विसंगतीतूनच येथील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वाटा जन्मास आल्या.

वाल : पाट आणि पाटकरी

डोंगरातील ओढ्याचे पाणी वरच्या बाजूस अडवून ते उताराच्या कडेने, अगदी मंद ढाळाने, काही किलोमीटर दूरच्या शेतांपर्यंत नेणाऱ्या उघड्या पाटास या भागात ‘वाल’ म्हणतात. (आपल्याकडील कडधान्याशी असलेले नामसाधर्म्य हा निव्वळ योगायोग होय.) या पाटांची परंपरा मध्ययुगापासून कागदोपत्री सापडते. पाट कोठे मातीत खोदलेला, कोठे दगडाने बांधलेला, तर जेथे सरळ कडा आडवा येतो तेथे लार्च वृक्षाचे खोड कोरून केलेल्या पन्हळींतून नेलेला असे. लार्चचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, हे तेथील सुतारांना ठाऊक होते.

पाट बांधला म्हणजे काम संपत नाही, हे सिंचनाचा अनुभव असणाऱ्या कोणासही पटेल. दरड कोसळते, पाने साचतात, उंदीर-घुशी बांध पोखरतात. उतारावरील पाट एका ठिकाणी फुटला तर खालचे शेत पाण्यावाचून राहते आणि मधले शेत वाहून जाते. म्हणून प्रत्येक वालावर ‘वालर’ नावाचा राखणदार नेमलेला असे. तो रोज पाटाच्या काठाने चालत जाई. त्याच्या पावलांनी जी वाट पडली ती ‘वालवेग’, म्हणजे पाटाची पायवाट. आज पर्यटक ज्या वाटांवरून सुखाने चालतात त्या या होत. त्या चालण्यास इतक्या सुखद का, याचेही उत्तर येथेच मिळते. पाण्याला मंद ढाळ हवा असतो, त्यामुळे कितीही उभ्या डोंगरात वाट जवळजवळ सपाट राहते. अभियंत्याने पाण्यासाठी साधलेली समपातळी कित्येक पिढ्यांनंतर वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या पायांना सोयीची ठरली आहे.

वालराच्या मदतीला एक साधे यंत्र असे. पाटात बसविलेले लहानसे लाकडी चक्र पाण्याने फिरे आणि त्याला जोडलेला हातोडा ठरावीक अंतराने घंटेवर आपटे. घंटा वाजत आहे तोवर पाणी वाहत आहे. आवाज थांबला की पाट कोठेतरी फुटला किंवा तुंबला, असे समजून वालर उठून चालू लागे. बिघाडाची खबर शांततेने देणारे हे यंत्र काही वालांवर आजही पाहावयास मिळते.

पाण्याचे वाटप पाळीने होई. कोणत्या शेतास कोणत्या वारी किती तास पाणी मिळावयाचे, हे ठरलेले असे आणि रात्रीची पाळी चुकविण्याची सोय नसे. वसंत ऋतूत पाटात पाणी सोडण्यापूर्वी त्याची साफसफाई करणे ही लाभधारकांची सामाईक जबाबदारी होती. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धती ज्यांना परिचित आहे, त्यांना वालराच्या जागी पाटकरी सहज दिसेल. दोन्ही व्यवस्थांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही आणि त्या एकसारख्याही नाहीत. फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हेही सामुदायिकरीत्या ठरते. वालाच्या व्यवस्थेत वाटप मुख्यतः वेळेचे आहे, पिकाचा निर्णय शेतकऱ्याचा. तरीही दुर्मीळ पाणी, उताराची जमीन आणि राज्यसंस्थेहून जवळचे गाव, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसे कोठेही साधारणतः याच प्रकारच्या तोडग्यापाशी पोहोचतात, असे म्हणण्यास जागा आहे.

उदाहरणादाखल मार्लिंगचा वाल घेऊ. श्नाल्स खोऱ्यातील कार्थुसियन मठाच्या साधूंच्या पुढाकाराने १७३७ ते १७५६ या काळात तो बांधला गेला. ट्योल येथे आदिजे नदीतून पाणी घेऊन तो मेरानच्या समोरील उतारावरून लाना गावापर्यंत जातो. लांबी सुमारे १२ किलोमीटर असून दक्षिण टायरॉलमधील वालवाटांत ती सर्वाधिक मानली जाते. सुमारे दोन दशके चाललेले हे बांधकाम मौनव्रती साधूंच्या मठाने हाती घ्यावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण मठ हा मध्य युरोपात मोठा जमीनदारही होता, हे विसरता येत नाही. समोरच्या बाजूचा आल्गुंडचा वाल याहून बराच जुना आहे. दोन्ही वाटा द्राक्षमांडव व सफरचंदाच्या बागांतून जातात आणि खाली मेरानचे जुने शहर दिसत राहते.

किल्ल्यांची दाटी

या लहानशा प्रदेशात किल्ले, गढ्या आणि सरदारांचे वाडे मिळून वास्तूंची संख्या काही शेकड्यांत जाते. एवढी दाटी का, याचे उत्तर ब्रेनर खिंडीत आहे. सुमारे १,३७० मीटर उंचीची ही खिंड आल्प्स ओलांडण्याच्या प्रमुख मार्गांपैकी सर्वांत सखल आहे. जर्मन राजांना सम्राटपदाचा अभिषेक करून घेण्यासाठी रोमला जावे लागे आणि त्यांची वाट बहुधा येथूनच होती. ही वाट विश्वासू हाती राहावी म्हणून सम्राट दुसरा कोनराड याने १०२७ मध्ये येथील सरदारक्या ट्रेंटो आणि ब्रिक्सेन येथील बिशपांच्या हवाली केल्या. धर्मगुरूस औरस वारस नसतो, त्यामुळे जहागीर वंशपरंपरागत होण्याची भीती नाही, असा हिशेब होता. प्रत्यक्षात बिशपांच्या वतीने कारभार पाहणारी घराणीच प्रबळ झाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास मुतालिकाने धन्यास झाकोळून टाकणे ही गोष्ट नवीन नाही.

अशा घराण्यांपैकी एप्पानचे सरदार हे टायरॉलच्या सरदारांचे प्रतिस्पर्धी होत. त्यांचा होखएप्पान किल्ला बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. १１५८ मध्ये या घराण्याने पोपचे दूत वाटेत अडवून लुटले आणि त्याची जबर किंमत मोजली. पुढील शतकात घराणे लयास गेले, टायरॉलचे सरदार वरचढ ठरले आणि मेरानजवळील त्यांच्या किल्ल्याचे नाव संपूर्ण प्रदेशास मिळाले. १३६३ मध्ये हा प्रदेश हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला.

मिस्सियान गावाहून निघून कोर्ब, बॉयमोंट आणि होखएप्पान या तीन किल्ल्यांना वळसा घालणारी वाट दोन-तीन तासांत पुरी होते. कोर्ब येथे आता हॉटेल आहे. बॉयमोंट पंधराव्या शतकात आगीत भस्मसात झाला आणि भग्नावस्थेतच राहिला. बॉयमोंट ते होखएप्पान हा टप्पा एका अरुंद घळीतून, लाकडी पायऱ्यांवरून जातो. होखएप्पानच्या प्रार्थनामंदिरातील भित्तिचित्रे सुमारे १२०० सालच्या आसपासची आहेत. तेथे मेरी आणि बाळ येशूच्या चित्रात एका कोपऱ्यात चुलीपाशी बसलेली एक दासी कढईतला गोळा काट्याला लावून चाखून पाहते आहे. ‘क्न्योडेल’ हा पाव-पिठाचा गोळा आजही तेथील घरोघरचा पदार्थ आहे आणि त्याचे हे सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक समजले जाते. पवित्र प्रसंगाच्या चित्रात स्वयंपाकिणीने चव घेण्यासाठी थांबावे, ही चित्रकाराची सूट मोठी लोभस आहे. बोत्सेनलगतच्या रुंकेलश्टाइन किल्ल्यातील चित्रे याहून वेगळी, म्हणजे लौकिक विषयांची आहेत. तो किल्ला १३८५ मध्ये फिंटलर या धनिक व्यापारी बंधूंनी विकत घेतला आणि सरदारी कथांतील प्रसंग भिंतींवर रंगवून घेतले. तलवार गाजविलेल्यांनी नव्हे, तर पैशाने प्रतिष्ठा मिळवू पाहणाऱ्यांनी शौर्यकथांचे एवढे कौतुक केले, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.

एप्पानच्या वाटेवर आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते, ती म्हणजे ‘बर्फविवरे’. डोंगराची दरड कोसळून साचलेल्या पोर्फिरीच्या धोंड्यांमध्ये पोकळ्या आहेत. उन्हाळ्यात वरच्या भागातील हवा या पोकळ्यांत शिरते, हिवाळ्यात थंडावलेल्या खडकांच्या सान्निध्यात गार व जड होते आणि खालच्या तोंडांतून बाहेर पडते. परिणामी, द्राक्षे पिकणाऱ्या उंचीवर, सुमारे ५०० मीटरवर, उन्हाळ्यातही बर्फ आढळते आणि एरवी कितीतरी उंचावर वाढणारी आल्प्सची गुलाबसदृश झुडपे येथे फुलतात.

द्राक्षमळे आणि त्यांचे मालक

ट्रामिन गावावरून ‘गेव्युर्त्सट्रामिनर’ या सुगंधी द्राक्षजातीस नाव मिळाले. लाग्राइन आणि फेरनाच या तांबड्या जाती येथील जुन्या. पारंपरिक मळ्यात वेल लाकडी मांडवावर चढविलेला असतो, आपल्या तासगाव-नाशिककडील मांडवाशी त्याचे रूप मिळतेजुळते आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निम्म्याहून अधिक क्षेत्र फेरनाच जातीखाली होते. हलकी, स्वस्त दारू पिंपांनी शेजारी देशांत जाई. १९८० च्या दशकापासून उत्पादकांनी उत्पन्न घटवून गुणवत्ता वाढविण्याचे धोरण स्वीकारले, मांडवांच्या जागी तारांवरील रांगा आल्या आणि आज फेरनाचचा वाटा सुमारे एक दशांशावर आला आहे. पांढऱ्या जातींनी तिची जागा घेतली.

एकूण द्राक्षक्षेत्र सुमारे ५,८०० हेक्टर, आणि मळेवाले शेतकरी सुमारे पाच हजार. म्हणजे एका कुटुंबाकडे सरासरी हेक्टरभरच. एवढ्या तुकड्यावर स्वतंत्र दारूगाळप परवडत नाही. म्हणूनच १८९३ पासून आंड्रियान, टेरलान अशा गावांत सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि आज सुमारे सत्तर टक्के उत्पादन सहकारी क्षेत्रात होते. १९६४ मध्ये या गावांना जोडणारा ‘द्राक्षमद्य मार्ग’ अधिकृतपणे आखण्यात आला. पायवाटांचा विचार करताना हा सहकार नजरेआड करता येत नाही. शेकडो लहान मालकांच्या बांधांवरून जाणारी वाट खुली ठेवावयाची, तर त्यांना एकत्र बसण्याची सवय असावी लागते.

पाटीवरील नाव

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या साँ-जेर्मां तहान्वये हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. एत्तोरे तोलोमेई या राष्ट्रवादी अभ्यासकाने १९१६ मध्येच येथील हजारो स्थलनामांची इटालियन रूपे तयार करून ठेवली होती. फॅसिस्ट राजवटीने १९२३ पासून ती सक्तीने लागू केली, जर्मन शाळा बंद केल्या. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मनीत स्थलांतर करा, नाहीतर इटालियन होऊन राहा. बहुसंख्यांनी स्थलांतराचा पर्याय निवडला आणि सुमारे ७५,००० लोक प्रत्यक्ष निघून गेले. युद्धानंतर १९४६ चा ग्रुबर–दे गास्पेरी करार झाला, पण स्वायत्तता कागदावरच राहिल्याची भावना होती. १७ नोव्हेंबर १९५७ रोजी बोत्सेनजवळील झिगमुंड्सक्रोन या पडक्या किल्ल्यात सिल्व्हियस माग्नागो यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ३५,००० लोकांची सभा भरली आणि स्वतंत्र स्वायत्ततेची मागणी झाली. १९७२ मध्ये दुसरा स्वायत्तता कायदा अमलात आला. त्याच किल्ल्यात २००६ पासून गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नर यांचे पर्वतविषयक संग्रहालय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक जर्मन, २६ टक्के इटालियन आणि ४.५ टक्के लाडिन भाषागटाचे आहेत. वाद आता शाळेचा वा नोकरीचा उरलेला नाही. तो डोंगरातील पाट्यांवर येऊन थांबला आहे. जर्मनभाषक गिर्यारोहण संघाने वाटांवर लावलेल्या हजारो पाट्यांवर अनेक ठिकाणी फक्त जर्मन नावे असल्यावरून २०१० च्या सुमारास मोठे वादळ उठले. इटालियन बाजूचे म्हणणे, प्रांत द्विभाषिक आहे, तेव्हा पाटीही द्विभाषिकच हवी. जर्मन बाजूचे म्हणणे, शेताला, ओढ्याला, कड्याला जे नाव कोणा इटालियन गावकऱ्याच्या तोंडी कधीच नव्हते, ते टेबलावर बसून बनविलेले नाव आम्ही का लिहावे? केंद्र व प्रांत यांच्यात समझोते झाले. २०१२ मध्ये प्रांताने स्थलनामांचा कायदा केला, केंद्राने त्यास घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले आणि २०१९ मध्ये तो मागे घेण्यात आला. पाटीवरील अक्षरे किती जिव्हाळ्याची असतात, हे सीमाभागातील मराठी वाचकास सांगावयास नको. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन न्याय्य तत्त्वे परस्परांसमोर उभी आहेत. वाटसरूस समजेल असे मार्गदर्शन मिळणे हा एक हक्क, आणि ‘डावीकडे’, ‘धबधबा’, ‘दोन तास’ हे शब्द दोन्ही भाषांत लिहून तो सहज पुरविता येतो. विशेषनामाचा प्रश्न वेगळा आहे, कारण विशेषनाम ही इतिहासाची नोंद असते. मात्र तोलोमेईची नावे घेऊनच तेथे जन्मलेल्या इटालियन भाषकांच्या आता काही पिढ्या झाल्या आहेत, हेही दृष्टिआड करता येणार नाही.

पाणी नळात गेल्यानंतर

विसाव्या शतकाच्या मध्यापासून उघड्या पाटांची जागा बंद नळ आणि तुषार सिंचनाने, पुढे ठिबकने घेतली. तुषार सिंचनाचा आणखी एक उपयोग तेथे होतो : वसंतातील दहिवराच्या रात्री सफरचंदाच्या मोहरावर पाणी फवारतात. पाणी गोठताना सुप्त उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या आवरणातील कळी वाचते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल सर्वस्वी लाभाचा होता. उघड्या पाटातून बरेच पाणी झिरपून जाई आणि राखणीचे श्रम वेगळेच. परंतु ते झिरपणारे पाणीच पाटाच्या काठची झाडे, नेचे आणि पाखरे जगवीत होते. अनेक वाल कोरडे पडले, काही बुजले. जे राहिले त्यांपैकी बरेचसे चालणाऱ्यांमुळे राहिले, हे मान्य करावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने इटलीसह सात युरोपीय देशांतील पारंपरिक सिंचनाचे ज्ञान व संघटन मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले.

पर्यटनाचा हा आधार बिनखर्चाचा नाही. २०२३ मध्ये प्रांतातील पर्यटकांच्या मुक्कामांची संख्या साडेतीन कोटी रात्रींच्या वर गेली. त्यापूर्वीच, २०२२ मध्ये, प्रांताने पर्यटकांसाठीच्या खाटांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा निर्णय घेतला होता. दुसरीकडे, बागांतून जाणाऱ्या वाटेवर कीटकनाशकांचा फवारा उडून येतो. फिन्शगाउच्या वरच्या टोकाकडील माल्स या गावाने २०१४ मध्ये सार्वमत घेऊन सुमारे तीन चतुर्थांश मतांनी रासायनिक कीटकनाशकांविरुद्ध कौल दिला. तो निर्णय न्यायालयात टिकू शकला नाही. बागाईतदाराचा पीकसंरक्षणाचा हक्क आणि शेजाऱ्याचा श्वास घेण्याचा हक्क यांतील सीमा कोणत्या बांधावर आखावयाची, हा प्रश्न माल्सपुरता मर्यादित नाही.

जे वाल अद्याप वाहते आहेत त्यांच्यावर आजही वालर नेमला जातो. पहाटे निघून तो जाळीत अडकलेली पाने काढतो, दारे उघडतो-मिटतो, पडलेला दगड बाजूला करतो. पूर्वी हे सर्व खालच्या शेतासाठी होते. आता त्याच्या कामात कठडा दुरुस्त करणे आणि निसरडी फळी बदलणे यांचीही भर पडली आहे.